रेकॉर्डवरची हाक

आमच्या पियानोवाल्या ऑक्टेव्ह लकूरची ती रेकॉर्ड अजून दुकानात मिळते म्हणे. परवा भाच्याकडे जेवायला गेले तर तिथं लागली होती. भाच्याची बायको शिकागोची. दुसऱ्या बाजूला शेवटच्या गाण्यात एक बाई ओरडते ना, तिथं ही खुदकन हसली आणि मला म्हणाली, "आत्या, काय मजा करायची हो तुम्ही माणसं!"

"हो गं बाई, मजाच मजा," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? पाकिटावरही तेच छापलंय, जगातली सगळ्यात आनंदी गर्दी! छापणाऱ्याच्या तोंडात माती पडो. रेकॉर्ड झाली त्या हॉलमधल्या लोकांत आनंदी कोण होतं, हे त्यानं एकालाही विचारलं नव्हतं.

ती ओरडणारी बाई म्हणजे ओदिल गास्पार. माझ्या शेजारची. आमच्या दोघींच्या पायऱ्यांमध्ये भिंतसुद्धा नव्हती, इकडचं भांडण तिकडे ऐकू जायचं आणि तिकडची माणसं त्यात भागही घ्यायची. ओदिल जाऊन आता बरीच वर्षं झाली. पाकिटावर पियानोवाल्याचं नाव आहे, ढोलवाल्याचं आहे, माईकच्या तारा लावणाऱ्या गोऱ्या पोराचंसुद्धा आहे. हिचं नाही. म्हणून मी सांगते.

साधी बाई होती, पण गरीब गाय वगैरे मुळीच नव्हे. मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभं राहून संध्याकाळी घरी यायची ती कुणावर तरी डाफरतच. पत्त्यांत लबाडी करायची आणि पकडली की माझ्यावरच चिडायची, "फिलोमीन, तुझी नजरच वाईट!" स्वयंपाकाच्या नावानं शंख. पण टोप्यांचा भारी शौक. रविवारी मिसाला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, निघाली की अशी निघायची, की वाटावं चर्च हिच्या टोपीसाठीच बांधलंय.

नवरा फर्डिनंड गोदीत हमाल होता. जहाजातून माल उतरवताना दोर तुटला आणि तो खाली होता. पदरात एकच मुलगी, व्हिव्हियन. ओदिलचा रंग दुधाच्या कॉफीचा, फर्डिनंड चांगलाच काळा, पण पोरगी गेली ओदिलच्या आईवर. केस सरळ, डोळे घारे, कातडी अशी की उन्हात लाल व्हायची. रांगायला लागली तेव्हा दिसेल ते तोंडात घालायची, म्हणून ओदिल तिला बेबेट म्हणायला लागली. आमच्या जुन्या बोलीत बेबेट म्हणजे एखादं चिमुकलं जनावर. ते नाव घरात आणि आमच्या गल्लीतच राहिलं, गल्लीबाहेर तिला कुणी त्या नावानं ओळखत नव्हतं. बाप्तिस्म्याला तिला हातावर मी घेतलं होतं. मी तिची धर्मआई. ती मला नानेन म्हणायची.

पोरगी मोठी झाली आणि कनाल स्ट्रीटवरच्या मोठ्या दुकानात टोप्यांच्या खात्यात लागली. तिथं आमच्यातल्या, म्हणजे काळ्यांतल्या, बाईला झाडू मारायचं काम मिळायचं, विकायचं नाही. हिनं आपण कोण ते सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. बघूनच काय ते समजले. दिवसा गोरी, रात्री आमची. असं पुष्कळ जण करायचे, पोटासाठी. आम्ही कुणी नावं ठेवली नाहीत.

एका शनिवारी ओदिलला काय सुचलं कोण जाणे, गेली त्या दुकानात. मी म्हटलं होतं, जाऊ नकोस. "टोपी घ्यायलाच जातेय, आणखी कशाला?" म्हणाली. आता त्या दुकानात आमच्या बायकांनी टोपी डोक्यावर घालून बघायची नाही, असा नियम. हवी तर हातात धरा, अंदाज बांधा, पैसे टाका आणि चालू पडा. ओदिलनं एक निळी टोपी उचलली आणि सवयीनं आरशाकडे वळली. मागे खात्याचा साहेब उभा. आणि काउंटरमागून तिची पोरगी म्हणाली, "बाई, डोक्यावर घालू नका."

ओदिलनं टोपी घेतली. घरी येऊन बघितली तर लहान होत होती. माझ्या पायरीवर बसून मला म्हणाली, "फिलो, आवाज तिचाच होता गं. पण कुणाचा तरी वेगळाच वाटला." त्या रात्री त्या घरातून भांडणाचा चकार शब्द आला नाही. पुढच्या महिन्यात व्हिव्हियन गोऱ्यांच्या डब्यात बसून कॅलिफोर्नियाला गेली. आईला स्टेशनवर येऊ नको म्हणाली. पत्ता दिला नाही.

पलीकडे गेली. कुणी गोऱ्यांत कायमचं गोरं होऊन मिसळलं की आमच्यात एवढंच म्हणतात. आणि जो पलीकडे गेला त्याचं नाव काढायचं नाही, हे आमच्या वस्तीत कुणाला शिकवावं लागत नाही. घराघरांत एखादा तरी असतो. कुणाचा भाऊ, कुणाची मावशी. आई मेली तर प्रार्थनेत मुलांची नावं वाचतात, तिथंही त्याला गाळायचं. एक शब्द भलत्या कानावर गेला तर तिकडे त्याची नोकरी जाईल, संसार मोडेल, कदाचित जीवसुद्धा जाईल. म्हणून सगळी वस्ती मूग गिळून बसायची. लोक याला माया म्हणतात. माझा तर तिळपापड होतो. पोटच्या पोराला जिवंतपणी पुरायचं आणि वर त्याच्या मातीची राखण करत बसायचं, ही कसली माया?

आता ऑक्टेव्हचं सांगते. दिवसा हा माणूस कोळशाच्या वखारीत पोती उचलायचा. रविवारी दुपारी मिस झालं की आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये नाच असायचा, तिथं हा पियानोवर. डावा हात असा गडगडायचा की खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याचे गुडघेसुद्धा आपोआप हलायला लागायचे. हॉलचं स्वयंपाकघर माझ्याकडे होतं. मी तळलेली कोंबडी आणि बटाट्याचं सॅलड द्यायची आणि खिडकीतून सगळं बघायची.

ऊन कलायला लागलं की तो शेवटचं गाणं घ्यायचा. आम्ही त्याला हाकेचं गाणं म्हणायचो. मधे एका जागी तो डावा हात उचलायचा, ढोल थांबायचा आणि नुसती उजव्या हाताची बारीक किणकिण चालू राहायची. मग ज्याचं माणूस लांब आहे त्यानं त्याला हाक मारायची. मेलेल्यांना नाही, त्यांच्यासाठी चर्च आहे. लांब गेलेल्यांना. शिकागोला, फौजेत, तुरुंगात, जिथं असेल तिथं. "क्लॅरेन्स!" कुणी ओरडलं की ऑक्टेव्ह पियानोवर क्लॅरेन्ससारखं उत्तर द्यायचा. क्लॅरेन्स जाडा होता, तर खालच्या पट्टीत डुलत डुलत. लोक हसायचे, रडायचे, आणि पुन्हा सगळा ताफा नाचायला लागायचा. तेवढ्यावर पुढचा आठवडा निघायचा.

ओदिल दर रविवारी यायची. त्या गाण्याला ती हात मांडीवर घट्ट धरून बसायची. तिचं माणूस सगळ्यात लांब, आणि तिलाच हाक मारायला बंदी.

त्रेसष्ट साली न्यूयॉर्कहून कॉनवे नावाचा रेकॉर्डवाला आला. त्यानं ऑक्टेव्हला कुठं तरी ऐकलं होतं. स्टुडिओत नको म्हणाला, हॉलमध्येच, लोकांसकट रेकॉर्ड करू. छताला तारा लटकवल्या, बाहेर ट्रकात यंत्रं लावली. स्वयंपाकघरात येऊन माझी कोंबडी चापताना फुशारक्या मारत होता, ही रेकॉर्ड इथं जाईल, तिथं जाईल.

ओदिल माझ्याकडे बशा पुसत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "कॅलिफोर्नियात मिळेल?"

"तिथं तर सगळ्यात आधी, बाई!"

ओदिल तीच बशी कितीतरी वेळ पुसत राहिली. माझ्या लक्षात आलं. तो बाहेर गेल्याबरोबर मी म्हटलं, "तोंड शिवून बस, ओदिल. सांगून ठेवते."

"नाव कुठं घेणारेय मी? बेबेट म्हणेन. कुणाला कळणारेय? फक्त तिला कळेल."

"आणि इथल्यांना कळणार नाही? आम्ही काय बहिऱ्या?"

"इथले बोलणार नाहीत. इथले कधी बोललेत?"

"अगं, पोरगी मागं वळून बघत नाही ती नाही, आणि तू—"

"वळू नकोच म्हणावं तिला!" ती एकदम कडाडली. "मी काय तिला घरी बोलावतेय? मला तिचा संसार मोडायचाय? मी हाक मारायची सोडली असं तिला वाटत असेल, फिलो. तेवढं वाटू नये. आणि ऐकलं तर तिनं नुसतं कळवावं, ऐकलं म्हणून. बस." मग आवाज उतरवून म्हणाली, "तुझ्या घरी फोन आहे. नंबर तिला पाठ आहे."

मी हात टेकले. माझं पोर गेलं असतं तर मी काय केलं असतं? मी तर छपरावर चढून ओरडले असते.

रेकॉर्डिंगच्या रविवारी हॉलमध्ये मुंगीला जागा नव्हती. ऑक्टेव्ह पेटला होता, त्याच्या सदऱ्याची घडी म्हणून उरली नव्हती. हाकेचं गाणं आलं. "क्लॅरेन्स!" झालं. "युजीन, माझ्या राजा!" झालं, युजीन तुरुंगात होता. मग ओदिल उठली.

"बेबेट!"

मागच्या बाकांवर तरणी मंडळी हसली, त्यांना काय ठाऊक. पण आमच्या वयाच्या बायकांचे हातातले पंखे जागच्या जागी थांबले. ऑक्टेव्हनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तो त्याच गल्लीतला, त्यानं ती पोरगी पायरीवर खेळताना पाहिली होती. त्याचे हात वरच राहिले. रेकॉर्डवर तिथं नीट ऐकलंत तर काहीच ऐकू येत नाही, नुसती एक खुर्ची करकरते.

"ए बेबेट!"

मग त्यानं वाजवलं. आमच्या पोरी पायऱ्यांवर बसून टाळ्या देत जे खेळगाणं म्हणतात ना, तेच, अगदी वरच्या पट्टीत, एका बोटानं. ओदिलनं तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तिचा आवाज फाटला. आणि तिथंच ढोल कडाडला, डावा हात आला, सगळा हॉल उसळला. रेकॉर्डवर हे इतकं झकास आलंय की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई आनंदानं वेडी झाली.

कॉनवे ट्रकातून धावत आला. "ती बाई कुठाय? काय उत्साह, काय उत्साह!" ओदिलचा हात धरून गदागदा हलवला. ओदिल त्याच्याकडे बघून म्हणाली, "कॅलिफोर्नियाचं विसरू नका, साहेब." तो खो-खो हसला.

नंतर मात्र वस्तीनं तिला सोडलं नाही. मिसहून परतताना म्हातारी युलाली तिच्या आडवी आली. युलालीचा धाकटा भाऊ पलीकडे होता. "आज तुझ्या तोंडून टोपणनाव निघालं, उद्या दुसरीच्या तोंडून खरं नाव निघेल. मग माझ्या भावाचं काय? तुला एकटीलाच काळीज आहे का?" त्या दिवसापासून हॉलमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. मी स्वयंपाकघरात, मला बसता येत नसे. तो बाक रिकामाच असायचा आणि ती त्याच्या टोकाला टोपी घालून ताठ बसायची.

रेकॉर्ड निघाली, आणि खरोखरच कॅलिफोर्नियात खपली. ऑक्टेव्हला तिकडून बोलावणी आली, कॉलेजची पोरं त्याच्याभोवती नाचली. ओदिल रोज कामावरून परतताना माझ्या घरच्या स्वयंपाकघराच्या दारात थांबायची. विचारायची नाही. मी नाही म्हणून मान हलवायची, ती घरी जायची. असं वर्ष गेलं, वर त्याच्या पुढचंही बरंचसं गेलं. शेवटी मीच चिडून एकदा म्हटलं, "नको येऊस दारात! आला फोन तर मी काय लपवून ठेवणारेय?" दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

आणि एका सोमवारी फोन आला. लाल घेवडा चुलीवर शिजत होता, मी घाईत होते. "कोण आहे? लवकर बोला."

"नानेन?"

मी स्टूल ओढून बसले. तिचं बोलणं अगदी छापील झालं होतं, आमच्या गल्लीचा एक सूर त्यात उरला नव्हता. पण नानेन तेवढं तिनं जुनंच म्हटलं.

"पोरी, कशी आहेस गं?"

"तिला सांगा, मी ऐकलं. आणि सांगा, पुन्हा असलं काही करू नकोस."

"अगं, एकदाच केलं बिचारीनं—"

"एकदाच?" ती हसली, पण हसू कसलं ते. "नानेन, माझ्या नवऱ्याला ती रेकॉर्ड फार आवडते. घरी कुणी आलं की लावतो. ती जागा आली की सगळे मिळून तिच्यासारखं ओरडतात. मुलं तर तिची नक्कल इतकी हुबेहूब करतात की मला उठून आत जावं लागतं. गेल्या नाताळात त्यानं कुत्रा आणला. काय नाव ठेवलं असेल?"

घेवड्याचा वास यायला लागला, तरी मी फोन सोडून उठले नाही.

"दिवसभर चालू असतं. बेबेट, खाली उतर. बेबेट, घाण केलीस. आणि मीही म्हणते, नानेन. मला म्हणावंच लागतं."

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच अडकलं होतं. "मुलं? तुला मुलं आहेत?"

"दोन."

"देवा रे! नावं काय गं त्यांची? तिला सांगते, नावं तरी सांग."

"नको."

"अगं, नावानं काय होतंय?"

"नावं कळली तर ती त्यांनाही हाका मारेल."

तिच्या मागे दार वाजलं, कुणा पुरुषाचा आवाज आला. व्हिव्हियन लगेच मोकळ्या आवाजात त्याला म्हणाली, "कुणी नाही, लाँड्रीवाले." आणि फोन बंद झाला.

चुलीवरचा घेवडा तळाला करपला होता. मी चूल बंद केली आणि त्या पातेल्याला, कॉनवेला, कनाल स्ट्रीटला, सगळ्या जगाला शिव्या दिल्या. पोरीला देता आल्या नाहीत. ती त्या घरात जिवाच्या भीतीनं हसत होती, तिला काय शिव्या देणार?

संध्याकाळी ओदिल दारात आली. मी मान हलवली नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चौकट धरली.

मी तिला आमच्या पायरीवर बसवलं, भात आणि घेवड्याची बशी हातात दिली. "तिनं ऐकलं," मी म्हटलं.

ओदिलनं डोळे मिटले. "आणखी?"

"बरी आहे. नवरा आहे. दोन मुलं आहेत."

"दोन!" तिनं माझं मनगट असं पकडलं की बांगडी रुतली. "दोन, फिलो? आणखी काय म्हणाली?"

"एवढंच."

"खोटं बोलू नकोस. पत्त्यांत मी लबाडी करते, तुला जमत नाही. सगळं सांग, काही गाळू नकोस."

मग सांगितलं. मुलं नक्कल करतात ते सांगितलं. कुत्र्याचं नाव काय ठेवलंय, तेही सांगितलं. ओदिल ऐकत होती. नजर समोरच्या घराच्या खिडकीवर.

"काळा आहे की पांढरा?" तिनं विचारलं.

"काय?"

"कुत्रा."

"नाही विचारलं मी."

"मुलांची नावं?"

ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, वाटलं होतं, ती विचारायची विसरेल. कुठली विसरतेय! मी सांगितलं, विचारली होती, पण तिनं दिली नाहीत. का दिली नाहीत, तेही तिच्याच शब्दांत सांगितलं.

मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर माझ्यावर तरी ओरडेल. ओदिल हळूच म्हणाली, "बरोबर आहे तिचं. हाका मारल्याच असत्या मी."

मग तिनं बशी मांडीवर ओढली. घेवड्याला करपल्याचा वास येत होता आणि भात गार झाला होता. मी दुसरं आणते म्हटलं तर नको म्हणाली, आणि होतं ते सगळं खाल्लं.